डेटा विश्लेषणाच्या प्रोग्रामला पेटंट मिळतं का? सांगली-साताऱ्यातल्या नव्या मंडळींसाठी पायरीपायरीने

वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली चार मुलं विश्रामबागेत एखादी खोली घेतात, द्राक्षबागायतदारांसाठी किंवा साखर कारखान्यासाठी डेटावर चालणारा प्रोग्राम लिहितात, आणि सहा महिन्यांत कुणीतरी विचारतंच, "याचं पेटंट केलंत का?" त्याचं सरळ उत्तर असं: प्रोग्रामला प्रोग्राम म्हणून भारतात पेटंट मिळत नाही. आकडे गोळा केले, त्यावर गणित केलं आणि पडद्यावर आलेख दाखवला, एवढंच असेल तर अर्जाचे पैसे वाचवा. पण त्या विश्लेषणामुळे एखादं यंत्र, सेन्सर, नेटवर्क किंवा खुद्द संगणक आधीपेक्षा वेगळं आणि चांगलं काम करू लागला, तर दार उघडं आहे. ते कुठे उघडतं, कसं उघडायचं आणि आत शिरताना लोक कुठे अडखळतात, ते पुढे दिलं आहे.

पहिली पायरी : कायद्यातली ओळ नीट वाचा

पेटंट कायदा १९७० मधल्या कलम ३ मध्ये कोणत्या गोष्टींना शोध मानायचं नाही त्यांची यादी आहे. आपला संबंध मुख्यतः उपकलम (के) शी. त्यात चार गोष्टी आहेत: गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम. 'निव्वळ' ही अट २००२ च्या दुरुस्तीने आली आणि ती फक्त संगणक प्रोग्रामला लागते. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत आणि अल्गोरिदम यांना तशी सवलत नाही. डेटा विश्लेषणाचं काम बहुतेक वेळा नेमकं या तिघांच्या शेजारी उभं असतं, म्हणून साध्या सॉफ्टवेअरपेक्षा इथे जास्त जपावं लागतं.

याच कलमातली आणखी दोन उपकलमं लक्षात ठेवा. (एम) म्हणजे मनाने करता येण्यासारखी कृती करण्याची नुसती योजना किंवा नियम, आणि (एन) म्हणजे माहितीची मांडणी. डॅशबोर्डचे अर्ज (एन) मध्ये अडकतात.

पेटंट कार्यालयाचे परीक्षक संगणकाशी संबंधित शोधांसाठीच्या मार्गदर्शक सूचना वापरतात. फेब्रुवारी २०१६ च्या सूचनांनुसार हार्डवेअरही नवं असावं लागे. जून २०१७ मध्ये ती अट गेली. २०२५ मध्ये सूचना पुन्हा सुधारल्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या विषयांवर त्यांत भर पडली. या सूचना पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. अर्ज लिहिण्याआधी त्यांतली उदाहरणं वाचायला दोन संध्याकाळी द्या. न्यायालयाच्या बाजूने पाहायचं तर फरीद अल्लानी प्रकरणातला दिल्ली उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१९ चा निकाल महत्त्वाचा. शोध तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवत असेल, तर केवळ तो प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून त्याला नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

दुसरी पायरी : आपला प्रोग्राम कोणत्या बाजूला पडतो ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं यश यावर ठरतं.

आधी अमेरिकेतले दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. ते आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण फरक त्यांच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. १९८१ मध्ये डायमंड विरुद्ध डीअर या खटल्यात रबर साच्यात भाजण्याच्या यंत्राचा प्रश्न होता. संगणक साच्याचं तापमान सतत घेत असे, एका माहितीच्या सूत्राने भाजण्याची वेळ पुन्हापुन्हा काढत असे आणि वेळ भरताच प्रेस उघडत असे. सूत्र जुनंच होतं, तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया पेटंटयोग्य मानली. २०१६ मध्ये इलेक्ट्रिक पॉवर ग्रुप विरुद्ध ऑल्स्टॉम या खटल्यात मोठ्या वीजजाळ्याच्या अनेक ठिकाणांहून डेटा गोळा करून, त्याचं विश्लेषण करून निकाल दाखवण्याची पद्धत होती. विषय विजेचा, डेटा खरा, काम उपयोगी. तरी फेडरल सर्किट न्यायालयाने (अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणारं न्यायालय) ती नाकारली, कारण गोळा करणं, विश्लेषण करणं आणि दाखवणं यापलीकडे तिथे काही नव्हतं. पहिल्यात गणित झाल्यावर प्रेस उघडतो. दुसऱ्यात गणित झाल्यावर माणूस पडदा बघतो.

आता आपल्याकडची उदाहरणं घेऊ.

बेदाण्याच्या भावाचा अंदाज. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांतली आवक, प्रत, मागच्या हंगामांचे भाव घेऊन पुढच्या आठवड्याचा भाव सांगणारा प्रोग्राम. उपयोग मोठा आहे, व्यापारी पैसे देऊन घेतील. पण हा व्यवसायाच्या पद्धतीला केलेलं गणिताचं साहाय्य आहे. व्यवसायाच्या पद्धतीवरची बंदी पूर्ण आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ओपनटीव्ही प्रकरणात म्हटलं. मॉडेल कितीही अचूक असो, इथे पेटंटचा नाद सोडा.

साखर कारखान्याचा उतारा दाखवणारा डॅशबोर्ड. गटवार ऊस, तोडणीची तारीख, प्रयोगशाळेचे आकडे आणि त्यावरून रंगीत नकाशा. हा (एन) आणि (के) अशा दोन्हींत अडकतो. याच डेटावरून प्रोग्राम गव्हाणीचा वेग किंवा मिलमध्ये जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण आपोआप बदलत असेल आणि त्याने मापता येण्याजोगा फरक पडत असेल, तर ते नियंत्रणाचं काम झालं. मग बोलण्यासारखं काही आहे.

द्राक्षपानांचे फोटो पाहून रोग डावणी की भुरी ते सांगणारं ॲप. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. बाजारात मिळणारं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) घेतलं आणि त्याला मिरज-तासगावच्या पानांचे फोटो शिकवले, तर जुनं साधन नव्या डेटावर वापरलं इतकंच झालं. (के) मधून कसाबसा निसटलात तरी 'या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं' या आक्षेपावर अडाल. तेच नेटवर्क कमी मेमरीच्या स्वस्त यंत्रावर चालावं म्हणून तुम्ही त्याची रचनाच वेगळी केली असेल, तर परिस्थिती बदलते. शोध तेव्हा संगणकाच्या कामगिरीत आहे, पानाच्या ओळखीत नाही.

बागेतला हवामान संच. हे उदाहरण पुढेही वापरू, म्हणून नीट पाहू. डावणीचा धोका पानावर पाण्याचा थर किती वेळ टिकतो यावर अवलंबून असतो, म्हणून बागेत पानओलावा सेन्सर लावतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की बोर्डो मिश्रणाचा आणि गंधकाचा थर सेन्सरच्या पट्टीवर बसतो, आणि पट्टी कोरडी असताना ओली दाखवू लागते किंवा उलट. समजा तुमचा प्रोग्राम तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू काढतो, दव पडणं शक्यच नाही अशा वेळांतली पट्टीची मापं वेगळी काढून सेन्सरचा शून्य किती सरकला ते ओळखतो, आणि पुढची मापं त्यानुसार दुरुस्त करतो. शिवाय दव जवळ आलं की मापन दाट करतो, एरवी संच झोपवून ठेवतो. दर ५ मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ नोंदी पाठवण्याऐवजी गरजेपुरत्याच जातात आणि सौर बॅटरी ढगाळ आठवडाही काढते. इथे सुटणारा प्रश्न तांत्रिक आहे: सेन्सर चुकतो आणि बॅटरी उतरते. उत्तरही तांत्रिक आहे. (के) चा आक्षेप याही अर्जावर येईल, पण उत्तर द्यायला तुमच्या हातात माल आहे.

पंपाचं कंपन. किर्लोस्करवाडीपासून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पंप-मोटारींना तोटा नाही. बेअरिंगच्या कंपनाचं विश्लेषण करून 'बेअरिंग जाणार' असा संदेश पाठवणं दुबळं आहे. त्याच विश्लेषणाने मोटारीचा वेग धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर नेणं ताकदवान आहे.

आपल्या प्रोग्रामसाठी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. विश्लेषण संपल्यावर माणसाने काही करायच्या आधी काय बदलतं? सुटलेला प्रश्न कोणत्या मापात मोजता येतो: मिलिसेकंद, मेगाबाइट, वॅट, अंश, मापनातली चूक? संगणक काढून कागद-पेन्सिल दिली तर हेच काम, सावकाश का होईना, माणूस करू शकेल का? आणि तुमच्या उत्तरातलं नवेपण कुठे बसलं आहे, सूत्रात की सूत्र यंत्राशी जोडण्याच्या पद्धतीत? पहिल्याचं उत्तर 'काही नाही', तिसऱ्याचं 'हो' आणि चौथ्याचं 'फक्त सूत्रात' असेल, तर थेट शेवटच्या 'पेटंट बसत नसेल तर' या भागावर जा.

आणखी एक प्रश्न व्यवहाराचा. तुमचं विश्लेषण सर्व्हरच्या आत चालत असेल, तर दुसऱ्याने ते चोरलं हे तुम्हाला कळणार कसं? पेटंटसाठी पद्धत जगाला सांगावी लागते, आणि चोरी उघडकीस आणता येत नसेल तर सांगून फक्त तोटा होतो. बागेतला संच बाजारातून विकत घेऊन उघडता येतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चाललेलं गणित बाहेरून दिसत नाही.

तिसरी पायरी : अर्जाआधी दाखवू नका

अर्ज दाखल होण्याच्या तारखेआधी शोध जगात कुठेही प्रसिद्ध झाला असेल, तर नवेपणा गेला. प्रसिद्ध करणारे तुम्ही स्वतः असलात तरीही. कोड सार्वजनिक गिटहबवर टाकणं, यूट्यूबवर कार्यपद्धती समजावणं, महाविद्यालयाच्या स्मरणिकेत प्रकल्पाचा सारांश छापणं, हे सगळं प्रसिद्धीच आहे. कोड अपाची २.० सारख्या परवान्याखाली दिला असेल, तर त्या परवान्यात पेटंटचा वापरहक्कही दिला जातो हे विसरू नका.

कृषी प्रदर्शनात स्टॉल लावून मग अर्ज करू, असं अनेकांच्या मनात असतं, कारण कायद्यात प्रदर्शनांसाठी १२ महिन्यांची सवलत असल्याचं त्यांनी ऐकलेलं असतं. कलम ३१ मधली ही सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. गावोगावची प्रदर्शनं आणि महाविद्यालयातले स्पर्धात्मक कार्यक्रम त्यात बसत नाहीत. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधालाही १२ महिन्यांची मुभा आहे आणि २०२४ पासून त्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. पण यावर भिस्त ठेवू नका. परदेशात बहुतेक ठिकाणी ही मुभा चालत नाही.

बागेत चाचणी घेणं भागच असतं. ज्यांच्या बागेत संच लावणार त्या प्रत्येकाकडून एक पानाचा गोपनीयता करार सही करून घ्या, मराठीत, तारखेसह. संचाची पेटी सीलबंद ठेवा. दादा-काकांच्या ओळखीतलीच बाग असते, म्हणून सही मागायला संकोच वाटतो. तरी मागा. पुढे भागीदार किंवा गुंतवणूकदार आला की पहिल्यांदा हाच कागद विचारला जातो.

चौथी पायरी : शोध कुणाचा, मालक कोण

शोधकर्ता म्हणजे ज्याने शोधाच्या कल्पनेत भर घातली तो. ज्याने बाग दिली, पैसे दिले, किंवा जो विभागप्रमुख आहे, तो एवढ्याने शोधकर्ता होत नाही. मान म्हणून नाव घालणं चुकीचं आहे. खरं नाव गाळणं त्याहून वाईट, कारण दुसऱ्याचा शोध लाटल्याच्या मुद्द्यावर पेटंटला विरोध करता येतो आणि ते रद्दही होऊ शकतं.

कॉपीराइटमध्ये नोकरीच्या कामात लिहिलेला प्रोग्राम, करारात वेगळं काही नसेल तर, मालकाचा होतो. पेटंट कायद्यात अशी आपोआप मालकीची तरतूद नाही. म्हणून कंपनीच्या नावाने अर्ज करायचा असेल, तर प्रत्येक शोधकर्त्याकडून हक्क हस्तांतरणाचा लेख हवा. फ्रीलान्सरकडून अर्धा कोड लिहून घेतला असेल, तर त्याच्याकडून तो लेख आजच घ्या. तो पुण्याला नोकरीला लागला की फोन उचलणंही कठीण होतं. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचं बौद्धिक संपदा धोरण मागून वाचावं आणि अर्जदार कोण असणार ते लेखी ठरवावं.

पाचवी पायरी : आधी कुणी केलंय का ते शोधा

साधनं मोफत आहेत: भारतीय कार्यालयाचं इनपास, युरोपचं एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स. नुसत्या शब्दांनी शोधलं तर हजारो कागद येतात, म्हणून वर्गीकरणाचे संकेत वापरा. हवामान मापनासाठी जी ०१ डब्ल्यू, बागायतीसाठी ए ०१ जी, फवारणी यंत्रांसाठी ए ०१ एम, नियंत्रण प्रणालींसाठी जी ०५ बी, यंत्रशिक्षणासाठी जी ०६ एन. जी ०६ क्यू हा व्यवसाय-व्यवहाराचा वर्ग आहे, आणि शेतीविषयक माहितीप्रणाली बहुतेक वेळा जी ०६ क्यू ५०/०२ मध्ये पडतात. तुमच्या शोधाशी सर्वांत जवळचे सगळे कागद जी ०६ क्यू मध्येच सापडत असतील, तर तो धोक्याचा इशारा समजा आणि दुसऱ्या पायरीवरचे चार प्रश्न पुन्हा सोडवा.

सर्वांत जवळचे तीन-चार कागद निवडा. प्रत्येकासमोर त्यात काय आहे, काय नाही आणि जे नाही त्याने काय फरक पडतो, हे तीन रकाने भरा. पुढचा मसुदा या तक्त्यावरच उभा राहतो.

सहावी पायरी : मसुदा

फॉर्म २ मधलं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, हा पेटंटचा जीव. ते दोन प्रकारचं असतं. तात्पुरतं दिलं की तारीख राखली जाते आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. ते नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तात्पुरत्यात क्लेम (नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारी कलमं) लागत नाहीत, म्हणून लोक एक पान मोघम लिहून देतात. हे घातक आहे. तात्पुरत्यात जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

एकदा पूर्ण स्पेसिफिकेशन दिल्यावर कलम ५९ मुळे त्यात नवा मजकूर घालता येत नाही. डेटा विश्लेषणाचे बरेच अर्ज इथेच मरतात. आक्षेप आल्यावर अर्जदार म्हणतो की आमचा संच बॅटरी वाचवतो, पण मूळ कागदात बॅटरीचा शब्दही नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी पुढच्या गोष्टी आत गेल्या पाहिजेत.

प्रश्न तांत्रिक भाषेत मांडा. 'शेतकऱ्याला वेळेवर सल्ला मिळत नाही' हे खरं असलं तरी इथे कामाचं नाही. 'फवारणीच्या अवशेषांमुळे पानओलावा सेन्सरचा शून्य सरकतो आणि ओल्या काळाचं मापन चुकतं' हे कामाचं आहे.

हार्डवेअरची आकृती द्या: सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, मेमरी, रेडिओ, वीजपुरवठा, आणि कोणता संकेत कुठून कुठे जातो. २०१६ मधली नव्या हार्डवेअरची अट गेली असली, तरी जुनंच हार्डवेअर तुमच्या पद्धतीशी कसं जोडलं आहे ते दिसलं पाहिजे. 'विश्लेषण विभाग' असा एक रिकामा चौकोन काढून त्यात सगळं कोंबू नका. पेटंट कार्यालयातला निर्णय देणारा अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, विचारतो, हा विभाग म्हणजे नेमकं काय?

प्रवाहचित्र द्या, प्रत्येक पायरीला क्रमांक द्या आणि प्रत्येक क्रमांकाचं वर्णन मजकुरात करा. उंबरठ्याची मूल्यं, म्हणजे ज्या आकड्याला प्रोग्राम निर्णय बदलतो ते आकडे, लिहा, पट्ट्यांसह: चालेल ती मर्यादा, त्यातली पसंतीची, आणि ती का. कलम १० प्रमाणे शोध वापरण्याची तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत सांगावी लागते. यंत्रशिक्षणाचं मॉडेल असेल तर इनपुट कोणते, त्यांवर आधी काय प्रक्रिया केली, रचना कशी, प्रशिक्षणाचा डेटा कोणत्या प्रकारचा, आउटपुटचं पुढे काय होतं, हे सगळं लिहा. 'मॉडेलने अंदाज काढला' एवढ्यावर तिसरा माणूस ते पुन्हा बनवू शकत नाही, आणि अपुऱ्या खुलाशाचा आक्षेप येतो. कोडच्या ओळी जोडायची गरज नसते.

मोजमापं द्या. तोच संच, तीच बाग, एकदा दुरुस्तीसह आणि एकदा दुरुस्तीशिवाय. ओल्या काळातली चूक किती मिनिटांची, रोज किती बाइट गेले, बॅटरीचा व्होल्ट किती उतरला, असा तक्ता करा. हा एक तक्ता दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो.

मग क्लेम. एक पद्धतीचा आणि एक प्रणालीचा, असे दोन स्वतंत्र क्लेम पुरतात. पहिल्या क्लेमची सुरुवात सेन्सरने होऊ दे आणि शेवट यंत्रात घडणाऱ्या बदलाने. मधलं गणित मध्येच राहू दे. 'संगणक प्रोग्राम उत्पादन' किंवा 'सूचना साठवलेलं माध्यम' अशा रूपातले क्लेम अमेरिकेच्या मसुद्यांतून उचलून आणू नका, भारतात त्यांच्यावर बहुतेक हमखास आक्षेप येतो. दुसऱ्या बाजूला, नुसता 'प्रोसेसर' हा शब्द पेरून गणिताला यंत्राचं रूप देता येईल असंही समजू नका. परीक्षक क्लेमचं रूप बाजूला ठेवून आतला गाभा बघतो.

वकील किंवा एजंट सक्तीचा नाही, अर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. पण क्लेमचा मसुदा तरी नोंदणीकृत पेटंट एजंटाकडून करून घ्या. एजंटांची यादी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. त्याने आधी संगणकाशी संबंधित अर्ज हाताळले आहेत का ते विचारा, आणि मसुदा, आक्षेपाचं उत्तर व सुनावणी यांचा खर्च वेगवेगळा लेखी घ्या.

सातवी पायरी : दाखल करा

महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. ते अँटॉप हिलला आहे, पण दाखल करणं ऑनलाइन होतं, त्यासाठी क्लास ३ डिजिटल सही लागते. कागद असे: फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ स्पेसिफिकेशनचा, फॉर्म ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, फॉर्म ५ शोधकर्तृत्वाच्या घोषणेचा. एजंट असेल तर फॉर्म २६. लघुउद्योग, स्टार्टअप किंवा शैक्षणिक संस्था म्हणून सवलत हवी असेल तर फॉर्म २८, आणि त्यासोबत उद्यम नोंदणी किंवा स्टार्टअप मान्यतेचं प्रमाणपत्र.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये पडतात. त्यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२० रुपये. म्हणजे ४५ पानं आणि १५ क्लेमचा अर्ज १,६०० अधिक २,४०० अधिक १,६००, असा ५,६०० रुपयांना जातो. परीक्षणाची विनंती फॉर्म १८ वर, ४,००० रुपये, ३१ महिन्यांच्या आत. ही विनंती वेगळी करावी लागते हे माहीत नसल्याने कित्येक अर्ज संपतात. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९, २,५०० रुपये. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदारांत एखादी महिला असेल, तर फॉर्म १८ ऐवजी ८,००० रुपयांत फॉर्म १८ए वर जलद परीक्षण मागता येतं.

प्रसिद्ध होणं म्हणजे मिळणं नव्हे. 'पेटंट पब्लिश झालं' म्हणून अभिनंदनाचे फलक लागतात, तेव्हा परीक्षकाने तो कागद बहुधा उघडलेलाही नसतो. विशेषतः प्राध्यापक मंडळींनी विद्यार्थ्यांना हा फरक स्वच्छ सांगायला हवा, कारण अशा फलकांवर विश्वास ठेवून मुलं पुढचे निर्णय घेतात.

आठवी पायरी : आक्षेपाला उत्तर

पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला ६ महिने मिळतात. फॉर्म ४ वर शुल्क भरून आणखी ३ महिने वाढवता येतात. तीही मुदत चुकली की अर्ज संपला. अहवालात (के) चा आक्षेप असेलच, घाबरू नका.

उत्तराचा क्रम असा ठेवा: आधी तांत्रिक प्रश्न, मग तांत्रिक उपाय, मग तांत्रिक परिणाम. प्रत्येकापुढे मूळ स्पेसिफिकेशनचं पान आणि परिच्छेद लिहा, आणि मोजमापांच्या तक्त्याकडे बोट दाखवा. जवळच्या जुन्या कागदांशी तुलना पाचव्या पायरीवरच्या तक्त्यातून उचला. पहिल्या क्लेममध्ये यंत्राचा भाग कमी पडत असेल तर उपक्लेममधली (त्याच्यावर आधारलेल्या पुढच्या क्लेममधली) अट वर आणा. 'प्रोसेसरवर चालतं म्हणून तांत्रिक आहे' हा युक्तिवाद करूच नका, तो टिकत नाही. सुनावणी व्हिडिओवर होते, मुंबईला जावं लागत नाही. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. नकार आला तर ३ महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण लागतं, सवलतीच्या गटाला सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये, पुढे वाढत जातं.

परदेशात जायचं असेल तर

भारतात राहणाऱ्याने आधी परदेशात अर्ज करणं कलम ३९ प्रमाणे परवानगीशिवाय चालत नाही, तो गुन्हा आहे. एकतर भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबा किंवा फॉर्म २५ वर परवानगी घ्या. भारतातल्या तारखेचा फायदा हवा तर १२ महिन्यांच्या आत बाहेरचा अर्ज करा. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर (अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चालवली म्हणून पेटंटयोग्य होत नाही, असं त्यात म्हटलं) नुसत्या विश्लेषणाला फारशी जागा उरलेली नाही.

पेटंट बसत नसेल तर

भावाच्या अंदाजासारख्या प्रोग्रामचं संरक्षण दुसऱ्या वाटांनी होतं, आणि इथल्या बहुतेक छोट्या कंपन्यांना हीच वाट जास्त कामाची आहे.

संगणक प्रोग्राम कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये साहित्यकृतीत मोडतो. लिहिताक्षणी हक्क मिळतो, नोंदणी पुराव्यासाठी. फॉर्म १४, शुल्क ५०० रुपये, सोबत सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं. कोड २० पानांपेक्षा कमी असेल तर पूर्ण. काळी पट्टी मारून ओळी झाकता येत नाहीत, म्हणून गुपिताचा भाग पहिल्या-शेवटच्या पानांत येणार नाही अशी फाइलींची मांडणी आधीच करा. पासवर्ड आणि गुप्त डिजिटल किल्ल्या कोडमध्ये असतील तर काढून टाका. हे संरक्षण कोडच्या मजकुराला आहे, कल्पनेला नाही. तीच पद्धत दुसऱ्याने स्वतः नव्याने लिहिली तर कॉपीराइट त्याला थांबवत नाही.

ती उणीव गुपिताने भरून निघते. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, सगळं करारावर आणि तुम्ही घेतलेल्या काळजीवर चालतं. मॉडेलची वजनं (शिकवण्यातून त्यात तयार झालेले आकडे) आणि स्वच्छ केलेला डेटा ग्राहकाच्या फोनमध्ये न देता सर्व्हरवर ठेवा. कोण काय उघडू शकतो याची नोंद ठेवा. नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम घाला. नोकरी सोडल्यावर 'दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये' असं कलम मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, त्यावर विसंबू नका. आणि ज्या सौदे-समितीकडून, कारखान्याकडून किंवा शेतकऱ्यांकडून डेटा घेता, त्यांच्याशी तो कशासाठी वापरायचा, करार संपल्यावर त्यावर शिकलेलं मॉडेल कुणाचं राहणार, हे पहिल्याच करारात लिहा. पुढच्या हंगामात हा वाद काढायला दोघांनाही सवड नसते.